लहान तोंडी मोठा घास : फिलिपाईन्समधील तरुणांच्या पक्षाची कहाणी



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर लागला तेव्हा एका वृद्ध स्नेह्यांनी मला वाटेत थांबवून विचारले, "फिलिपाईन्समधल्या पोरांचा पक्ष! हे आम्ही कशासाठी ऐकायचे? आणि पोरांनी पक्ष काढायचा म्हणजे लहान तोंडी मोठा घासच नव्हे काय?" त्यांना मी वाटेवर उत्तर दिले नाही. एक तासभर बसून द्यावे असेच त्या प्रश्नाचे उत्तर आहे. कारण मुलांच्या भल्याविषयी बोलणारे सर्वच असतात. सरकार बोलते, धर्मसंस्था बोलतात, आईबाप बोलतात, आणि आपण व्याख्यातेही बोलतो. परंतु ज्यांच्या भल्याविषयी हे सारे बोलणे चालते त्यांना स्वतःला काही बोलावयाचे असेल, तर राज्याच्या सभागृहात त्यांच्यासाठी एखादी जागा असावी की नसावी? आणि असली, तर तीवर कोणी बसावे? हा प्रश्न फिलिपाईन्सने आपल्या राज्यघटनेत घातला, त्याचे उत्तर कायद्याने देण्याचा यत्न केला, आणि त्या उत्तरासाठी तेथील तरुणांनी फार मोठी किंमत मोजली. ती कहाणी आज आपल्यापुढे ठेवावयाची आहे.

प्रथम एका शब्दाची ओळख करून घेऊ. तागालोग भाषेत 'बाता' म्हणजे मूल. त्यावरून 'कबाताआन' हा शब्द झाला. त्याचा अर्थ बालपण असाही होतो आणि तरुण पिढी असाही होतो. आपण बालक आणि युवक असे दोन वेगळे कप्पे करतो. त्या भाषेने दोघांना एकाच शब्दात बांधले आहे. ज्या पक्षाविषयी मी बोलणार आहे त्याचे नाव हेच आहे : कबाताआन. तेव्हा शाळेतल्या पोराचे दुःख आणि महाविद्यालयातल्या तरुणाची चळवळ ह्या दोन गोष्टी तेथे सहज एकमेकींत मिसळल्या, ह्यात नवल नाही.

सात हजारांहून अधिक बेटांचा हा देश. 1565 पासून 1898 पर्यंत, म्हणजे तीनशे तेहतीस वर्षे, त्यावर स्पेनचे राज्य होते. त्यानंतर अमेरिका आली, मध्ये तीन वर्षे जपान आला, आणि 4 जुलै 1946 रोजी देश स्वतंत्र झाला. आपल्या स्वातंत्र्याच्या अवघे एक वर्ष आधी. त्या देशाचा राष्ट्रपुरुष होसे रिझाल हा डोळ्यांचा वैद्य होता आणि कादंबरीकार होता. 1861 साली जन्मलेल्या ह्या माणसाला 30 डिसेंबर 1896 रोजी, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, स्पॅनिश सरकारने गोळ्या घातल्या. अठराव्या वर्षी त्याने फिलिपिनी तरुणांना उद्देशून एक कविता लिहिली होती आणि तीत तरुणांना मायभूमीची आशा मानले होते. हे झाले गौरवाचे. परंतु मला त्याहून महत्त्वाची वाटते ती 1887 साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या 'नोली मे तांगेरे' ह्या कादंबरीतील एक उपकथा. सिसा नावाच्या गरीब बाईचे दोन मुलगे चर्चमध्ये घंटा वाजवण्याच्या कामावर असतात. धाकट्या क्रिस्पिनवर सोन्याची दोन नाणी चोरल्याचा आळ येतो. त्याला मारहाण होते, आणि तो पुन्हा कधी घरी येत नाही. थोरला बासिलिओ जीव घेऊन पळतो. मुलांना शोधता शोधता आई वेडी होते. एका राष्ट्राच्या जागृतीचा ज्या ग्रंथाला मान, त्याच्या मध्यभागी एक निरपराध मार खाणारे मूल उभे आहे. परकी सत्ता किती वाईट, हे रिझालने तोफा दाखवून सांगितले नाही. ती पोराशी कशी वागते ते दाखवले, आणि तेवढे पुरे झाले.

दुसरी गोष्ट 1888 सालची. मालोलोस गावातील वीस तरुण स्त्रियांनी गव्हर्नर जनरल वेलर ह्यांच्या हाती एक अर्ज दिला. त्यात मागणी एवढीच, की आम्हांला स्पॅनिश शिकण्यासाठी रात्रीची शाळा काढू द्या. गावच्या पाद्रीबाबांचा ह्याला विरोध. तरी त्या मुली हटल्या नाहीत, आणि 1889 मध्ये शाळा उघडली. ती फार महिने टिकली नाही, पण युरोपात असलेल्या रिझालने त्या मुलींना एक दीर्घ पत्र लिहून शाबासकी दिली. सावित्रीबाईंच्या गावात बसून ही गोष्ट ऐकताना आपणांस फारशी परकी वाटू नये. येथे मला एक धागा आपल्या ध्यानात आणून द्यावयाचा आहे. शाळा देण्यात आली नव्हती. शाळा मागण्यात आली होती. कल्याण ही वरून पडणारी भिक्षा आहे की खालून मागितलेला हक्क आहे, हा वाद त्या देशात त्या वीस मुलींपासून चालू आहे.

अमेरिकनांनी गावोगाव शाळा काढल्या खऱ्या, पण त्या इंग्रजी माध्यमाच्या. परिणाम आपल्या परिचयाचा आहे. मूल घरी एक भाषा बोलते आणि शाळेत दुसऱ्या भाषेत मुके होते. होसे आगिलार नावाच्या शिक्षणाधिकाऱ्याने स्वातंत्र्यानंतर इलोइलो प्रांतात एक प्रयोग केला. पहिली दोन वर्षे मुलांना त्यांच्या हिलिगायनोन ह्या मायबोलीत शिकवावयाचे आणि मग इंग्रजीकडे न्यावयाचे. ती मुले मागे तर पडली नाहीतच, उलट पुढे गेली. ह्या आगिलारांना 1959 साली शासकीय सेवेसाठी मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या वर्षी त्याच पुरस्कारात त्यांचे सहमानकरी कोण होते, ठाऊक आहे? आपले चिंतामणराव देशमुख. मुंबईच्या प्रश्नावर ज्यांनी केंद्रातील अर्थमंत्रिपद सोडले तेच हे देशमुख. त्याच्या आदल्याच वर्षी विनोबांना हा पुरस्कार जाहीर झाला होता. तेव्हा फिलिपाईन्सचा आणि आपला संबंध अगदीच नाही असे कोणी समजू नये. आगिलारांच्या प्रयोगाचे पुढे काय झाले हेही सांगतो. 2012 पासून मायबोलीतील शिक्षण तेथे देशभर पहिल्या इयत्तांना लागू झाले, आणि 2024 च्या एका कायद्याने त्याची सक्ती पुन्हा काढून घेण्यात आली. मुलांना काय हिताचे, हे ठरवणारी मोठी माणसे असे वारंवार मत बदलतात. मुलांना मात्र एकदाच लहान होता येते.

आता राजकारणाकडे वळू. 30 नोव्हेंबर 1964 रोजी, आंद्रेस बोनिफासिओ ह्या क्रांतिकारकाच्या जन्मदिनी, होसे मारिया सिसोन ह्यांच्या नेतृत्वाखाली 'कबाताआंग मकाबायन' म्हणजे राष्ट्रभक्त युवक ही संघटना निघाली. ती डाव्या विचारांची होती. 1970 च्या पहिल्या तीन महिन्यांत मनिलात विद्यार्थ्यांनी जे रान उठवले त्यास तेथील इतिहासात 'पहिल्या तिमाहीचे वादळ' असे म्हणतात. 26 जानेवारीला अध्यक्ष फेर्दिनांद मार्कोस संसदेत भाषण करून बाहेर पडले आणि दाराशी निदर्शकांची व पोलिसांची गाठ पडली. 30 जानेवारीला राजवाड्याजवळ मेंदिओला येथे चकमक झाली, आणि तीत विद्यार्थी मारले गेले. तेव्हा मतदानाचे वय एकवीस होते. म्हणजे छातीवर गोळी घेण्यास अठरा वर्षे पुरत होती, पण मत देण्यास पुरत नव्हती. 1971 मध्ये घटना-परिषदेने वय अठरावर आणण्यासाठी तेवढ्या एकाच दुरुस्तीवर लोकमत घेण्याचे ठरवले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने ते रोखले. घटनेचे तुकडे पाडून कौल मागता येत नाही, असा तो निर्णय होता. अखेर 1973 च्या घटनेत अठरा वर्षे आली. परंतु हातात मत आले तेव्हा देशात मत देण्यासारखे काही उरले नव्हते. सप्टेंबर 1972 मध्ये मार्कोस ह्यांनी लष्करी कायदा पुकारला होता, आणि युवक संघटनांवर बंदी आली होती.

हुकूमशहा नेहमी मुलांचा शत्रूच असतो असे समजून चालू नये. तो मुलांचा पालक होऊ पाहतो, आणि धोका त्यातच असतो. 10 डिसेंबर 1974 रोजी मार्कोस ह्यांनी हुकुमाद्वारे 'बालक व युवक कल्याण संहिता' जारी केली. निष्पक्षपणे सांगावयाचे तर ती संहिता वाईट नाही. मुलाचे हक्क, आईबापांची कर्तव्ये, अनाथ व दत्तक मुले, काम करणारी मुले ह्या सर्वांचा त्यात विचार आहे, आणि तिचा आधार पुढे कित्येक वर्षे वकील व समाजसेवक घेत आले. चारच महिन्यांनी, 15 एप्रिल 1975 रोजी, दुसरा हुकूम निघाला. त्याने प्रत्येक बारांगायमध्ये युवकांची एक सरकारी संघटना उभी केली. बारांगाय म्हणजे तेथील गाव किंवा मोहल्ला, राज्यकारभाराचा सर्वांत लहान घटक. ह्या संघटनेला 'कबाताआंग बारांगाय' म्हणत, आणि तिच्या राष्ट्रीय अध्यक्षपदी आल्या अध्यक्षांच्याच कन्या इमी मार्कोस.

31 ऑगस्ट 1977 ची गोष्ट. मनिलातील एका सभागृहात ह्या अध्यक्षाबाईंची खुली सभा होती. प्रश्न विचारण्याची मुभा होती. आर्किमिडीस त्राहानो नावाचा एकवीस वर्षांचा अभियांत्रिकीचा विद्यार्थी उठला आणि त्याने त्यांच्या ह्या पदावरील नेमणुकीविषयी प्रश्न विचारला. त्याला सभागृहातून ओढून नेण्यात आले. पुढे मिळाला तो त्याचा छळ झालेला मृतदेह.

श्रोतेहो, ह्या घटनेचा न्यायालयीन इतिहासही सांगितला पाहिजे, म्हणजे एकतर्फी बोलल्याचा दोष येणार नाही. मार्कोस कुटुंब 1986 मध्ये देश सोडून हवाईला गेल्यावर त्राहानोच्या आईने तेथील अमेरिकन न्यायालयात दावा लावला. इमी मार्कोस हजर राहिल्या नाहीत, निकाल त्यांच्या विरुद्ध गेला, आणि 1992 मध्ये वरच्या न्यायालयाने तो कायम केला. परंतु त्या निकालाची बजावणी फिलिपाईन्समध्ये करून घेण्याचा खटला 2006 साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने समन्स रीतसर बजावले गेले नाही ह्या कारणास्तव निकालात काढला. 2019 पासून त्या बाई सिनेटर आहेत. कायद्याच्या दारात न्याय असा अडकून पडला. पण इतिहासाच्या दारात समन्सची गरज नसते. तरुणांच्या कल्याणासाठी म्हणून काढलेल्या संस्थेत एका तरुणाने प्रश्न विचारला, आणि तो प्रश्न त्या संस्थेला सोसला नाही. वरून दिलेल्या कल्याणाची कसोटी ह्याहून वेगळी कोणती असू शकते?

1986 च्या फेब्रुवारीत मनिलातील एद्सा ह्या महामार्गावर लाखो लोक उतरले आणि मार्कोस राजवट गेली. 1987 ची नवी घटना आली. तिच्या दुसऱ्या अनुच्छेदात, राष्ट्रनिर्मितीत तरुणांचे स्थान महत्त्वाचे असून त्यांचे शारीरिक, नैतिक, बौद्धिक व सामाजिक हित राज्य सांभाळील, असे तत्त्व आहे. तत्त्वे आपल्याही घटनेत आहेत. विशेष आहे ते पुढे. प्रतिनिधिगृहाच्या एकूण जागांपैकी पंचमांश जागा 'पक्ष-यादी' पद्धतीने भरावयाच्या, आणि त्यांतील निम्म्या जागा पहिल्या तीन मुदतींपर्यंत कामगार, शेतकरी, शहरी गरीब, आदिवासी, स्त्रिया व युवक अशा घटकांना द्यावयाच्या. शेतकऱ्याच्या व कामगाराच्या पंक्तीला युवकाचे पान मांडणारी घटना जगात क्वचितच आढळेल.

परंतु पान मांडले म्हणजे वाढले असे नव्हे. प्रथम ह्या जागा अध्यक्षांच्या नेमणुकीने भरल्या जात. म्हणजे पुन्हा वरूनच. 1995 साली कायदा झाला आणि 1998 मध्ये पहिली पक्ष-यादी निवडणूक झाली. मतदाराला दोन मते असतात. एक आपल्या मतदारसंघातील उमेदवाराला, दुसरे देशभरातील एखाद्या यादीला. शेकडा दोन मते मिळवणाऱ्या यादीला एक जागा निश्चित, आणि कितीही मते पडली तरी तीनांहून अधिक नाहीत. युवकांच्या यादीसाठी कायद्याने आणखी एक अट घातली. तिचा उमेदवार निवडणुकीच्या दिवशी पंचवीस वर्षांहून लहान नसावा आणि तीस वर्षांहून मोठा नसावा. मुदत चालू असता तिशी आली तर मुदत पुरी करू द्यावी.

ही अट आपण जरा मनात घोळवावी अशी आहे. शेतकरी साठ वर्षांचा झाला तरी शेतकरीच राहतो. स्त्री जन्मभर स्त्री असते. तरुण मात्र तरुण राहत नाही. हा एकच असा वर्ग आहे, की त्याच्या प्रतिनिधीला पद सोडताना पराभवाची गरज नाही, वाढदिवस पुरे. म्हणून ह्या पक्षाला दर पाच-सहा वर्षांनी नवा माणूस तयार ठेवावाच लागतो. आपल्याकडे नेत्याच्या खुर्चीवरून त्याला उठवणे किती कठीण असते हे पाहणाऱ्यांना ह्या अटीचा हेवा वाटल्यास मी त्यांना दोष देणार नाही.

2001 ह्या वर्षी दोन गोष्टी घडल्या. मनिलातील एका विद्यापीठात सक्तीच्या लष्करी शिक्षणाच्या तुकडीत चालणारा पैशांचा गैरव्यवहार एका विद्यार्थ्याने चव्हाट्यावर आणला, आणि मार्च महिन्यात त्याचा खून झाला. विद्यार्थीवर्ग असा खवळला, की पुढील जानेवारीत कायदा होऊन लष्करी शिक्षणाची ती सक्ती उठली. त्याच 2001 च्या 19 जूनला, रिझालच्या जन्मदिनी, 'अनाक नांग बायान' म्हणजे देशाची लेकरे ह्या नावाने एक युवक-पक्ष स्थापन झाला. 2004 च्या निवडणुकीत त्याला जागा मिळाली नाही. 2007 मध्ये त्याने 'कबाताआन' हे नाव धारण केले. पुन्हा शेकडा दोनची पायरी चढता आली नाही. पण येथे अंकगणित त्यांच्या मदतीस आले. दोन टक्क्यांची अट सर्वांनाच लावल्यास घटनेने सांगितलेल्या पंचमांश जागा कधीच भरत नाहीत, असे दिसून आले. 21 एप्रिल 2009 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की उरलेल्या जागांच्या वाटपासाठी ही अट घटनाबाह्य आहे. रिकाम्या खुर्च्या भरल्या गेल्या, आणि कबाताआनचे रेमंड पलातिनो प्रतिनिधिगृहात जाऊन बसले. पक्षाच्या स्थापनेला तोवर जवळजवळ आठ वर्षे झाली होती.

त्यानंतर 2013 मध्ये टेरी रिडॉन, 2016 मध्ये सारा एलागो, 2022 मध्ये राऊल मॅन्युएल आणि 2025 मध्ये रेनी को, अशी ही एका जागेची परंपरा अखंड चालत आली आहे. सुमारे तीनशे सभासदांच्या सभागृहात एक मत! ह्या एका मताने काय होते, असे आपण विचाराल. मत एकच असले तरी तोंड असते, आणि तोंड असले म्हणजे सभागृहाच्या दप्तरात आपला प्रश्न नोंदवता येतो. तीन उदाहरणे देतो.

पहिले उदाहरण शिक्षणाच्या खर्चाचे. 2013 मध्ये मनिलातील सरकारी विद्यापीठाच्या पहिल्या वर्षात शिकणाऱ्या एका मुलीने फी भरता न आल्यामुळे शिक्षण खंडित झाल्यावर आत्महत्या केली, तेव्हा सारा देश हळहळला. कबाताआनची मागणी प्रथमपासून अशी, की सरकारी महाविद्यालयांत फी असू नये. ही मागणी हास्यास्पद मानली जात असे. 3 ऑगस्ट 2017 रोजी अध्यक्ष दुतेर्ते ह्यांनी, खर्च झेपणार नाही असे खुद्द त्यांचे अर्थसल्लागार सांगत असताना, सरकारी विद्यापीठांतील व महाविद्यालयांतील पदवी-शिक्षण विनाशुल्क करणाऱ्या कायद्यावर सही केली. ह्याचे श्रेय एकट्या कबाताआनचे नाही. सर्व पक्षांचे सभासद त्यात होते. परंतु ज्या दिवसांत ती मागणी कोणी जवळ करीत नव्हते त्या दिवसांत ती जिवंत कोणी ठेवली, हेही इतिहासाने लिहून ठेवावयास हवे.

दुसरे उदाहरण मुलांना गुन्हेगार ठरवण्याच्या वयाचे. 1930 च्या दंडसंहितेप्रमाणे नऊ वर्षांखालील मूलच तेवढे पूर्णपणे निर्दोष मानले जाई. नऊ ते पंधरा वर्षांच्या मुलाला समज होती असे सिद्ध झाले, की तो आरोपी होई. 2006 च्या कायद्याने ही मर्यादा पंधरा वर्षांवर नेली आणि अशा मुलांना तुरुंगाऐवजी सुधारणेच्या मार्गाला लावावे असे ठरवले. पण जानेवारी 2019 मध्ये वारे फिरले. मोठे गुन्हेगार लहान मुलांचा उपयोग करून घेतात, ह्या कारणासाठी वय पुन्हा नऊवर आणावे असे विधेयक समितीने 21 तारखेला संमत केले. मला येथे क्रिस्पिनची आठवण होते. मोठ्यांच्या पापासाठी धाकट्याला बांधावयाचे, ही रीत दीडशे वर्षांतही गेली नाही. बालहक्कांच्या संस्था, डॉक्टर, धर्मगुरू आणि तरुण ह्यांनी एकच गिल्ला केला. दोनच दिवसांत नऊचे बारा झाले, आणि 28 जानेवारीला 146 विरुद्ध 34 मतांनी गृहाने ते संमत केले. सिनेटने मात्र ते पुढे नेले नाही, आणि पंधराची मर्यादा टिकली. चौतीस मते म्हणजे पराभवच. पण सभागृहात हरलेली बाजू देशात जिंकू शकते, हे ह्यावरून दिसते.

तिसरे उदाहरण सांगताना संकोच वाटतो, पण सांगितले पाहिजे. लैंगिक संमतीचे वय फिलिपाईन्समध्ये 1930 पासून बारा वर्षे होते. बारा वर्षांच्या मुलीने संमती दिली असे म्हणून अपराधी सुटू शकत असे. स्त्रियांच्या व बालकांच्या संस्थांनी आणि त्यांची बाजू सभागृहात मांडणाऱ्या सभासदांनी वर्षानुवर्षे ह्याविरुद्ध झगडा केला, आणि 4 मार्च 2022 रोजी सही झालेल्या कायद्याने ते वय सोळावर गेले. आपल्याकडे 1891 मध्ये संमतिवयाच्या कायद्यावरून ह्याच पुण्यात केवढा कल्लोळ झाला होता ते आपण जाणता. त्या वादात सर्वांची मते ऐकली गेली; ज्या मुलींविषयी तो वाद होता त्यांचे मत मात्र कोणी विचारले नाही.

आता आक्षेपांचा विचार करू. पहिला आक्षेप सर्वांत गंभीर. कबाताआन व त्याचे मित्रपक्ष हे भूमिगत कम्युनिस्ट पक्षाचे पुढचे सोंग आहे, असे सरकारी सुरक्षायंत्रणा उघड म्हणत आली आहे. पक्ष हे नाकारतो. पक्ष डावा आहे हे निर्विवाद. त्याची आर्थिक मते आपणांपैकी पुष्कळांना पटणार नाहीत. पण पटणे न पटणे वेगळे, आणि एखाद्याला राष्ट्रद्रोह्याची चिठ्ठी चिकटवणे वेगळे. अशी चिठ्ठी ज्याला लागली त्याच्या जिवाला त्या देशात खरोखरच धोका असतो. 2024 च्या मे महिन्यात जाहीर झालेल्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की असा लाल शिक्का मारणे हे माणसाच्या जीविताच्या, स्वातंत्र्याच्या व सुरक्षिततेच्या हक्काला धोका आणणारे आहे. तो अर्ज इलोइलोच्या एका कार्यकर्त्याचा होता. आगिलारांच्या प्रयोगाचेच ते इलोइलो.

दुसरा आक्षेप असा, की युवकाच्या जागेवर युवकच बसेल कशावरून? हा आक्षेप खरा ठरला आहे. 2019 मध्ये दुसऱ्या एका युवक-पक्षाने ऐन मतदानाच्या तोंडावर तिशी उलटलेल्या माणसाचे नाव पुढे केले, आणि निवडणूक आयोगाने ते रद्द केले. युवकांच्या नावाची पाटी लावणे सोपे असते. म्हणून ती पाटी कोणी लावली आहे हे पाहण्याचे काम मतदाराला दर वेळी नव्याने करावे लागते.

तिसरा आक्षेप माझ्या स्नेह्यांचा, म्हणजे लहान तोंडाचा. ह्याला उत्तर गावपातळीवर मिळते. मार्कोस ह्यांची ती सरकारी युवक-संघटना 1991 च्या कायद्याने जाऊन तिच्या जागी 'सांगुनियांग कबाताआन' ही निवडून आलेली युवक-परिषद प्रत्येक बारांगायमध्ये आली. बारांगायच्या निधीतील शेकडा दहा तिच्यासाठी राखून ठेवतात. पण झाले काय? पंधरा-सोळा वर्षांची पोरे निवडून येऊ लागली ती बहुधा सरपंचाची, आमदाराची. निधी गेला बास्केटबॉलच्या मैदानांवर आणि सौंदर्यस्पर्धांवर. मोठ्यांचे दुर्गुण शिकण्याची ही शाळाच, अशी टीका होऊ लागली. ही संस्था मोडून टाकावी असे पुष्कळांचे मत पडले. तेव्हा तरुणांनीच दुरुस्तीची मागणी लावून धरली, आणि 2016 चा कायदा झाला. पदाधिकाऱ्याचे वय अठरा ते चोवीस; आणि त्याच भागातील निवडून आलेल्या पदाधिकाऱ्याचा जवळचा नातलग उभा राहू शकत नाही. घराणेशाहीला बंदी घाला, असे त्या देशाच्या घटनेने 1987 सालीच सांगितले होते. तसा कायदा करणे मोठ्यांच्या संसदेने स्वतःसाठी टाळले, आणि घराणेशाहीविरुद्धचे पहिले कलम लागू केले ते पोरांना! ह्यावर हसावे की रडावे, ते आपण ठरवावे. मला एवढेच दिसते, की नियम जर प्रथम लहानांनी पाळून दाखवला, तर पुढे मोठ्यांना लाजेखातर तरी विचारता येईल.

आता समारोप करतो. रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही, अशी आपल्याकडे म्हण आहे. आईचे हे खरे, तर राज्याचे किती खरे असेल! फिलिपाईन्सच्या इतिहासात मुलांसाठी चांगल्या संहिता हुकूमशहानेही लिहिल्या आणि चांगले कायदे निवडून आलेल्यांनीही केले. कागदाकडे पाहून त्यांतील भेद कळत नाही. भेद कळतो तो सभागृहात एखादे पोर उठून प्रश्न विचारते तेव्हा. 1977 साली प्रश्न विचारणाऱ्या मुलाला बाहेर ओढून नेले. 2009 पासून तेथील संसदेत एक जागा अशी आहे, की तीवर बसणाऱ्याचे कामच प्रश्न विचारणे आहे. तो प्रश्न कधी चुकीचा असेल, कधी उद्धट असेल, आणि बहुधा तो मतदानात हरेल. पण विचारून झाल्यावर प्रश्न विचारणारा घरी परत येतो. एका देशाने बत्तीस वर्षांत एवढे अंतर चालून जावे, हे मला लहान वाटत नाही.

घरी गेल्यावर आपल्या मुलाने जेवताना एखादा अवघड प्रश्न विचारला, तर त्याला गप्प बसवण्यापूर्वी त्राहानोची आठवण ठेवावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.